सॅटेलाइटला तुमचा पत्ता माहीतच नसतो, मग फोनला तुमचं लोकेशन कळतं कसं?

"पोचलास की लोकेशन टाक."

हे वाक्य आता घरोघरी ऐकू येतं. लग्नपत्रिकेवर हॉलच्या पत्त्याशेजारी क्यूआर कोड छापलेला असतो. रिक्षावाल्याला गल्ली समजावून सांगायची सवय मोडलीय, आपण पिन टाकून मोकळे होतो. नकाशावरच्या त्या निळ्या ठिपक्यावर आपला इतका विश्वास आहे, की समोर रस्ता दिसत असला तरी नजर आधी फोनकडे जाते.

पण हा ठिपका तिथे येतो कसा?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, वरून सॅटेलाइट बघतं. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्ड्समध्ये तर सॅटेलाइट घराच्या खिडक्यासुद्धा मोजत असतं.

प्रत्यक्षात जीपीएसच्या सॅटेलाइटला तुमच्याबद्दल काहीही माहीत नसतं. तुम्ही कोण, कुठे आहात, तुमच्या खिशात फोन आहे की नाही, यातलं काहीच नाही. लोकेशन काढताना तुमचा फोन त्याला एक अक्षरही पाठवत नाही. तरीही तुम्ही कुठे आहात हे बऱ्याच जणांना कळत असतं. ते 'बरेच जण' कोण, हे समजून घ्यायचं तर आधी ठिपक्यामागचं गणित बघायला हवं.

सॅटेलाइट फक्त वेळ सांगतं

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. तिचे सुमारे ३० उपग्रह साधारण २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळं असतात आणि प्रत्येक उपग्रह अखंड एकच पाठ म्हणत असतो: मी अमुक क्रमांकाचा, अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत.

हे आकाशवाणीसारखं आहे. केंद्रावरून कार्यक्रम सुरू असतो, पण तो कुठल्या घरात ऐकला जातोय हे केंद्राला कळत नाही. तुमचा फोन म्हणजे इथला रेडिओ. तो फक्त ऐकतो आणि ऐकलेल्यावरून हिशोब करतो.

हिशोब आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण आकडे मोजतो. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे ६ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला तर वीज २ किलोमीटरवर. फोनही तेच करतो. सिग्नल निघाला कधी आणि पोहोचला कधी, यातल्या फरकावरून तो अंतर काढतो. फक्त रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. त्यामुळे इतक्या उंचीवरून फोनपर्यंत यायला सिग्नलला सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो.

एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं तर तुम्ही त्याच्याभोवतीच्या एका प्रचंड गोलावर कुठेतरी आहात, इतकंच समजतं. दुसऱ्याचं अंतर मिळालं की दोन गोल एकमेकांना छेदतात तिथे शोध घ्यायचा. तिसऱ्यानंतर दोनच जागा उरतात आणि त्यातली एक सहसा पृथ्वीपासून लांब अवकाशात असते. म्हणजे तीन उपग्रह पुरे व्हायला हवेत.

पण पुरत नाहीत, कारण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. फोनमध्ये अणुघड्याळ बसवणं तर शक्य नाही. म्हणून चौथा उपग्रह लागतो. चार अंतरं एकाच बिंदूत जुळायची असतील तर फोनचं घड्याळ नेमकं किती चुकलंय हेही गणितातून बाहेर पडतं. तुमच्या फोनला स्वतःची जागा आणि अचूक वेळ, दोन्ही एकाच वेळी मिळतात.

वेळेचा हा हट्ट इतका टोकाचा आहे की इथे आइनस्टाइनला बोलवावं लागतं. उपग्रह वेगात असल्यामुळे त्याचं घड्याळ थोडं मागे पडतं, पण उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ते त्याहून जास्त पुढे जातं. दोन्हीचा मेळ घातला तर दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात चूक १० किलोमीटरपर्यंत जाईल. सापेक्षतावाद कॉलेजात डोक्यावरून गेलेल्यांनाही तो रोज ऑफिसला नेऊन सोडतोय.

मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन आता साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. हे नेहमीच असं नव्हतं. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची. एवढ्या चुकीत कॅब तुमच्याऐवजी मागच्या सोसायटीत जाऊन उभी राहिली असती.

दुसऱ्याच्या घड्याळावर किती विसंबायचं?

ती चूक मिसळण्याचं बटण अमेरिकेच्या हातात होतं, ही गोष्ट बाकीचे देश विसरले नाहीत. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायदू या यंत्रणा आहेतच, आणि आजचे बहुतेक फोन एकाच वेळी या सगळ्यांचं ऐकतात. आपण सवयीने 'जीपीएस' म्हणतो, तेव्हा ठिपक्यामागे अनेकदा तीन-चार देशांचे उपग्रह असतात.

भारताची नाविक ही यंत्रणाही याच विचारातून आली. १९९९ च्या कारगिल युद्धात अमेरिकेने जीपीएसची माहिती दिली नाही आणि तिथून स्वतःच्या यंत्रणेची निकड पटली, असं कायम सांगितलं जातं. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला. २०१६ मध्ये सातवा गेला आणि यंत्रणेला 'नाविक' हे नाव मिळालं. ती जगभर चालावी असा हेतू नाही. भारत आणि सीमेपलीकडचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा पट्टा तिने सांभाळायचा.

त्यानंतरचा प्रवास मात्र अडखळत झाला. पहिल्याच उपग्रहावरची परदेशातून आणलेली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. घड्याळ गेलं की असा उपग्रह दिशादर्शनासाठी निकामीच. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये रॉकेटच्या उष्णतारोधक कवचातच अडकून राहिला. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ गेला आणि त्याच्यासोबत भारतात बनलेलं अणुघड्याळ पहिल्यांदा अवकाशात पोहोचलं. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ सुटला. श्रीहरिकोट्याचं ते शंभरावं उड्डाण होतं. रॉकेटने काम चोख केलं, पण उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर पुरवणारे व्हॉल्व्ह उघडले नाहीत आणि तो ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही.

एनव्हीएस-०१ ने तुमच्या-आमच्या दृष्टीने आणखी एक बदल आणला. आधीचे नाविक उपग्रह ज्या फ्रिक्वेन्सींवर बोलायचे त्या स्वस्त फोनच्या चिपला ऐकूच यायच्या नाहीत. नव्या मालिकेत जगभरचे फोन ऐकतात ती एल-१ फ्रिक्वेन्सीही आहे.

फोन ऐकू शकत नाही तेव्हा

उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. स्लॅबखाली, बेसमेंटमध्ये, बोगद्यात तो जवळपास संपतो. लोअर परळच्या काचेच्या टॉवर्समध्ये वेगळीच पंचाईत होते. तिथे सिग्नल थेट येण्याऐवजी इमारतींवर आपटून येतो, वाट लांबते आणि फोनला वाटतं आपण पलीकडच्या रस्त्यावर आहोत. उंचीचा अंदाज तर याहून कच्चा असतो. म्हणूनच तुम्ही लालबागच्या उड्डाणपुलावर आहात की त्याच्या खाली अडकलाय, याचा नॅव्हिगेशनला नीट पत्ता लागत नाही.

इतक्या दुबळ्या सिग्नलवर कुणी जाणूनबुजून गोंगाटही करू शकतं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ नोंदी झाल्याची माहिती सरकारने संसदेत दिली होती.

अजून एक अडचण वेगाची. उपग्रह आपली कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने पाठवतो. एका उपग्रहाचा आवश्यक तपशील मिळायला साधारण अर्धा मिनिट लागतं आणि सगळ्या ताफ्याचं वेळापत्रक उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं. मग ॲप उघडताच ठिपका कसा येतो? कारण फोन हे वेळापत्रक आधीच इंटरनेटवरून आणून ठेवतो. यालाच असिस्टेड जीपीएस म्हणतात. नेट मदत करतं, पण ते अनिवार्य नाही. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर रेंज गेली तरी जीपीएस चालतं, एअरप्लेन मोडमध्येही चालतं. फक्त पहिला ठिपका यायला वेळ लागतो आणि नकाशा आधीच डाउनलोड केलेला नसेल तर तो ठिपका कोऱ्या पडद्यावर येतो.

शेजाऱ्यांचं वाय-फाय तुमचा पत्ता सांगतं

मॉलच्या आत, तिसऱ्या मजल्यावर, आकाशाचा तुकडाही दिसत नसताना फोन नेमकी जागा दाखवतो. इथे सॅटेलाइटचा संबंध नसतो. ही करामत वाय-फायची.

प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण १० वेळा आपलं नाव आणि ओळखक्रमांक हवेत सांगत असतो. तुमच्याकडे पासवर्ड असो वा नसो, ही ओळख कुठल्याही फोनला ऐकू येते. तुम्हाला वाय-फायच्या यादीत शेजाऱ्यांची नावं दिसतात ती यामुळेच. आता कल्पना करा, कुणीतरी जगभरातल्या कोट्यवधी राउटरचे ओळखक्रमांक आणि त्यांच्या जागा एका वहीत लिहून ठेवल्या. मग तुमच्या फोनने फक्त 'मला हे पाच राउटर ऐकू येतायत, यातला हा सगळ्यात जोरात' एवढं कळवलं की वही बघून जागा सांगता येईल.

ही वही खरोखर आहे. गुगलची आहे, ॲपलची आहे, इतर काही कंपन्यांचीही आहे. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हतंच. जानेवारी २००८ मध्ये त्याला नकाशावर स्वतःची जागा दाखवता यायला लागली ती टॉवर आणि वाय-फायच्या अशाच वहीच्या जोरावर.

वही भरली कुणी? सुरुवातीला रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्यांनी. गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्या फोटोंबरोबर आसपासचे राउटरही टिपत होत्या. मे २०१० मध्ये गुगलने कबूल केलं, की पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून जाणारा लोकांचा मजकूरही या गाड्यांनी साठवला होता. त्यावरून अनेक देशांत चौकश्या लागल्या. आता गाड्यांची तितकी गरज उरलेली नाही. ते काम आपले फोन करतात. तुम्ही मोकळ्यावर उभे असता, फोनला उपग्रहांवरून जागा कळलेली असते आणि त्याच वेळी आसपासचे राउटर ऐकू येत असतात. दोन्ही गोष्टी जोडून कंपनीकडे गेल्या की वहीत एक नोंद वाढते. तुमच्या राउटरची नोंद बहुधा तुमच्या घरासमोरून गेलेल्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनने केलेली असेल.

वहीच म्हटल्यावर ती जुनीही होते. भाड्याचं घर बदलून तुम्ही राउटर कोथरूडहून नाशिकला नेलात, तर फोन घरात बसून काही दिवस कोथरूड दाखवू शकतो.

वाय-फायही नसेल तर उरतो मोबाइल टॉवर. फोन चालू असेपर्यंत तो कुठल्या ना कुठल्या टॉवरशी जोडलेला असतो, नाहीतर कॉल येणार कुठून? टॉवर सहसा तीन दिशांना वाटलेला असतो, त्यामुळे दिशेचा ढोबळ अंदाज येतो. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे काही शे मीटरपर्यंत पोहोचता येतं. खेड्यात एकाच टॉवरखाली कित्येक किलोमीटर येतात. 'टॉवर लोकेशनवरून आरोपीचा माग' ही बातमी आपण नेहमी वाचतो. त्यात टॉवर फोनचा परिसर सांगतो. तो माणूस नेमक्या कुठल्या घरात होता, हे एकटा टॉवर सांगू शकत नाही. बातमीच्या मथळ्यात हा फरक अनेकदा हरवतो.

बोगद्यात गेल्यावर फोन स्वतःच्याच अंगावरचे सेन्सर वापरतो. मुंबईच्या कोस्टल रोडच्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तेव्हा आधीचा वेग, दिशा आणि वळणं यावरून ठिपका अंदाजाने पुढे सरकवला जातो.

थोडक्यात, ठिपका म्हणजे अंदाज आहे. त्याच्याभोवती कधी कधी फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, ती सजावट नसते. 'मी या वर्तुळात कुठेतरी आहे' अशी ती फोनची कबुली असते. वर्तुळ मोठं असेल तर ड्रायव्हरशी वाद घालण्याआधी ते एकदा बघावं. आणि ठिपका बरोबर असला तरी त्याखालचा नकाशा बरोबर असेलच असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नॅव्हिगेशनच्या भरवशावर निघालेली कार अर्धवट तुटलेल्या पुलावरून नदीत कोसळली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा तो भाग आधीच वाहून गेला होता. अशा ठिकाणी उपग्रहांनी दिलेली जागा कितीही अचूक असली तरी उपयोग नसतो.

मग तुमचं लोकेशन कळतं कुणाला?

सॅटेलाइटला नाही, हे झालं. मोबाइल कंपनीला कळतं, कारण फोन टॉवरशी बोलतो. वाय-फायची वही ज्यांची, त्यांना कळू शकतं, कारण फोन त्यांना विचारतो. आणि ज्या ज्या ॲपला तुम्ही 'अलाउ' केलंय, त्या सगळ्यांना कळतं. गळती होते ती फोन ऐकत असताना नव्हे, बोलत असताना.

डिसेंबर २०१२ चं एक प्रकरण यात प्रसिद्ध आहे. अँटिव्हायरसमुळे नावारूपाला आलेले जॉन मॅकाफी पोलिसांना चुकवत फिरत होते. व्हाइस मासिकाने त्यांच्यासोबतचा एक फोटो वेबसाइटवर टाकला. आयफोनने काढलेल्या त्या फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. मॅकाफी ग्वाटेमालात असल्याचं लोकांनी लगेच शोधून काढलं आणि काही दिवसांत ते ताब्यात होते. आजही कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर प्रत्येक फोटोत ही नोंद जाते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ती निघून जाते, पण क्वालिटी चांगली राहावी म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला तर नोंद सोबत जाते. भाड्याने द्यायच्या फ्लॅटचे किंवा लहान मुलांचे फोटो अनोळखी माणसाला पाठवताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

जानेवारी २०१८ मध्ये तर सैन्यतळ उघडे पडले. स्ट्रावा या व्यायामाच्या ॲपने जगभरातल्या धावपटूंच्या वाटांचा चमकता नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचं नाव नव्हतं. पण वाळवंटाच्या अंधारात एखादीच चौकोनी वाट लखलखत असेल तर तिथे रोज सकाळी कोण धावतंय, याचा अंदाज बांधायला गुप्तहेर लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या हे लक्षात आलं होतं.

'मी तर लोकेशन बंदच ठेवतो' म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २०१७ मध्ये उघड झालं की लोकेशन बंद असतानाही अँड्रॉइड फोन जवळच्या टॉवरचे क्रमांक गुगलकडे पाठवत होते. गुगलने ते मान्य केलं आणि थांबवत असल्याचं सांगितलं. पुढे लोकेशन हिस्टरी बंद करूनही दुसऱ्या एका सेटिंगमधून नोंदी होत राहतात, यावरून वाद पेटला. २०२२ मध्ये गुगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

हा प्रश्न आपल्या सुप्रीम कोर्टातही पोहोचलाय. अमली पदार्थांच्या एका खटल्यात आरोपीला जामीन देताना दिल्ली हायकोर्टाने अट घातली होती, की त्याने गुगल मॅपवर पिन टाकून आपली जागा तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावी. ८ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने ही अट रद्द केली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांनी सतत नजर ठेवणं हा त्याच्या खासगीपणाच्या हक्कावर घाला आहे, असं कोर्टाने म्हटलं. या प्रकरणात गुगलने कोर्टाला दिलेली माहितीही मजेशीर होती: नुसती पिन टाकल्याने कुणाचा माग काढता येत नाही. म्हणजे अट घालणाऱ्यांनाही पिन काय करते हे माहीत नव्हतं.

जो हक्क जामिनावरच्या आरोपीला आहे, तो आपण टॉर्चच्या ॲपला एका टॅपवर देऊन टाकतो. फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनच्या परवानग्यांची यादी असते. ती उघडून बघा, तिथे भलतीच नावं सापडतात. हवामानाच्या ॲपला शहर कळलं तरी भागतं, त्याला 'अंदाजे' लोकेशन द्या. ही सोय आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून आहे. 'ॲप वापरताना' हा पर्याय जवळजवळ सगळ्यांना पुरतो. अँड्रॉइडमध्ये वाय-फाय स्कॅनिंग असंही एक वेगळं बटण असतं. वाय-फाय बंद केलं तरी ते चालू राहू शकतं.

एक प्रसंग मात्र असा आहे जिथे लोकेशन लपवून चालत नाही, तो म्हणजे मदत मागताना. ब्रिटनमध्ये २०१४ पासून एक सोय सुरू झाली आणि ती पुढे अनेक देशांत गेली: आपत्कालीन क्रमांक फिरवताच फोन स्वतःहून लोकेशन चालू करतो आणि ते मदत केंद्राला पाठवतो. आपल्याकडे ११२ क्रमांकासाठी '११२ इंडिया' हे ॲप आहे. पण घाटात किंवा गडावर नेट नसेल आणि कॉल जेमतेम लागत असेल, तर जुनाच मार्ग कामाचा: आकडे वाचून दाखवायचे. गुगल मॅपवर आपल्या ठिपक्याशेजारी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात, आयफोनच्या होकायंत्रातही ते असतात. महाराष्ट्रात असाल तर पहिला आकडा साधारण १५ ते २२ आणि दुसरा ७२ ते ८१ च्या दरम्यान येईल. दशांश चिन्हानंतरचे चार आकडे सावकाश सांगा. त्यातला शेवटचा एकाने चुकला तर शोधणारे दहा-अकरा मीटर लांब पोहोचतील, दुसरा चुकला तर एक किलोमीटरहून जास्त.